‘गॅस संपला’ म्हणण्याआधी: खेड्यातल्या लहान फ्रीजची देखभाल

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावांमध्ये मी फ्रीज दुरुस्त करतो. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलो आणि तेव्हापासून हेच काम. फ्रीज बिघडला की बहुतेक घरी निदान आधीच ठरलेलं असतं: ‘भाऊ, थंडा नाई करून राह्यला, गॅस संपला वाटते.’ कधी शेजाऱ्यानं तसं सांगितलेलं असतं. कधी आधी कुणी तरी येऊन गॅस भरून पैसे घेऊन गेलेला असतो आणि थोड्याच दिवसांत फ्रीज परत तसाच झालेला असतो.

फ्रीजमधला गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, बारीक नळीतून फ्रीजरमध्ये शिरला की परत वायू होताना आतली उष्णता ओढून घेतो. कारखान्यात भरलेला गॅस फ्रीज मोडीत निघेपर्यंत पुरतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे, आणि गळती न शोधता वरून भरलेला गॅसही त्याच भोकातून जाणार. म्हणून गॅसचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. मी इथे बोलतोय ते आपल्याकडे जास्त चालणाऱ्या एका दाराच्या, १६५ ते २०० लिटरच्या फ्रीजबद्दल, ज्याच्या फ्रीजरमध्ये बर्फ जमतो आणि तो आपल्यालाच वितळवावा लागतो.

आधी लाईन बघा

गावातल्या फ्रीजचं निम्मं दुखणं विजेचं असतं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला पाहिजेत. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाईनच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी, कूलर, टीव्ही चालू झाले की तिथे १७०, कधी १६० व्होल्टच पोचतात. पंखा हळू फिरतो हे सगळ्यांना दिसतं, फ्रीजचं कुणाला कळत नाही. एवढ्या कमी दाबावर कॉम्प्रेसरची मोटर फिरायला जोर करते, फिरत नाही, तापते आणि ओव्हरलोड नावाचा सुरक्षेचा भाग तिची वीज तोडतो. कान लावला तर हे ऐकू येतं: आठ-दहा सेकंद ‘हूंऽऽ’ आणि मग ‘टक्’. थोड्या वेळानं परत ‘हूंऽऽ, टक्’. रात्रभर हेच चाललं तर कॉम्प्रेसर जळतो.

हा आवाज ऐकू आला की फ्रीजची पिन काढा. लाईन सुधारेपर्यंत काढूनच ठेवा. घरात स्टॅबिलायझर असेल तर त्याचा काटा बघा, नसेल तर मिस्त्रीकडून मल्टीमीटरनं संध्याकाळच्या वेळी व्होल्टेज मोजून घ्या. सकाळी मोजून उपयोग नाही, सकाळी सगळ्यांकडेच २३० असतात.

लाईन नीट असूनही तोच ‘हूं-टक्’ चालू असेल तर बऱ्याचदा कॉम्प्रेसरच्या बाजूला बसवलेला, मोटर सुरू करून देणारा रिले गेलेला असतो. तो काढून कानाशी हलवला की आत खुळखुळ आवाज येतो, आतली चकती फुटलेली असते. रिले आणि ओव्हरलोड हे सगळ्यात स्वस्त सुटे भाग आहेत आणि कॉम्प्रेसर सगळ्यात महाग. मेकॅनिकनं थेट ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हटलं तर त्याला विचारा, रिले बदलून बघितला का? वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) मोजलं का? हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिले काढायचं काम मात्र माहितगाराचंच. काही कॉम्प्रेसरना कपॅसिटर असतो, तो पिन काढल्यावरही झटका देऊ शकतो.

लाईन जाऊन लगेच आली, असं गावात दिवसातून कितीदा तरी होतं. कॉम्प्रेसर बंद पडला की आतल्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर त्याला दाबाविरुद्ध उठावं लागतं. म्हणून लाईन गेली की फ्रीजचं बटण बंद करायची सवय लावा आणि लाईन आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. हे रोज कोण बघणार, तर स्टॅबिलायझर. एका दाराच्या फ्रीजला अर्धा केव्हीएचा पुरतो, पण घेताना दोन गोष्टी विचारून घ्या: उशिरानं चालू होण्याची सोय आणि जास्त व्होल्टेज आल्यावर तोडण्याची सोय. ज्या फ्रीजवर ‘स्टॅबिलायझरशिवाय चालतो’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या पुस्तकात किती ते किती व्होल्टपर्यंत हे छापलेलं असतं. तो आकडा आपल्या संध्याकाळच्या आकड्याशी ताडून बघा.

आणखी एक, जे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. अवकाळी वादळात खांबावरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला की काही घरांत २३० च्या जागी ३०० किंवा ४०० च्या जवळपास व्होल्टेज शिरतं. ओळखायचं कसं? दिवे एकदम डोळे दिपतील असे पेटतात, पंखा सुसाट सुटतो. कुठला दिवा जास्त आणि कुठला मंद, असंही होतं. त्या वेळी फ्रीजकडे धावू नका, सरळ मेन स्विच पाडा.

इन्व्हर्टर बॅटरीवर फ्रीज चालवायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे लाईनसारखीच वीज, देणारा आहे का हे बघा. स्वस्त, स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर साधा कॉम्प्रेसर घुरघुरतो आणि तापतो.

जागा आणि जाळी

फ्रीजच्या मागच्या पट्टीवर त्याचा हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. हे आकडे फ्रीज ठेवलेल्या खोलीच्या तापमानाचे आहेत. विदर्भात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणजे सगळ्यात दणकट वर्गाचा फ्रीजसुद्धा दुपारी आपल्या मर्यादेच्या बाहेर काम करत असतो. तेव्हा तो कमी थंड करतो, थांबतच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. फ्रीज नवा घेणार असाल तर पट्टीवर टी अक्षर आहे का एवढं दुकानात वाकून बघाच.

जुना आहे तर जागा बदला. पश्चिमेची भिंत आणि टिनाची भिंत टाळा, चूल-शेगडीपासून दूर ठेवा. मागे वीतभर मोकळी जागा हवी, बाजूंना चार बोटं. पुष्कळ नव्या मॉडेलांना मागे जाळी नसतेच, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून बाजू हाताला गरम लागल्या तर घाबरू नका, पण तिथे धान्याचं पोतंही टेकवून ठेवू नका.

आता कापसाचं. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत आपण कापूस घरातच भरतो, समोरच्या खोलीत, कधी फ्रीजच्या बाजूलाच आढ्यापर्यंत. त्याची तूस हवेत उडते आणि फ्रीज जिथून हवा ओढतो तिथे, म्हणजे मागच्या जाळीवर आणि कॉम्प्रेसरवर, येऊन बसते. संक्रांतीच्या सुमारास मी एखादा फ्रीज पुढे ओढतो तेव्हा जाळीवर गोधडी पांघरल्यासारखा थर असतो. बोटानं ओढला तर अख्खी लांब पट्टी सुटून येते, आत चिलटं, तुरीचा पाला आणि कुटार (भुसा). जाळीतून उष्णता बाहेर गेली नाही तर फ्रीज आत थंड होणार कसा? ‘गॅस संपला’ म्हणून बोलावलेल्या अशा घरी मी जाळी झाडून, तासाभरानं परत तपासून, झाडण्याचेच पैसे घेऊन आलो आहे. शिवाय कापूस आणि वीज यांचं वैर वेगळं सांगायला नको. कापसाची खोली आणि फ्रीजची खोली वेगळी ठेवता आली तर ठेवाच.

साफ करायचं काम तुमचं तुम्ही करू शकता. पिन काढा. फ्रीज दोघांनी धरून सरळ पुढे घ्या. रंगाचा कोरडा रुंद ब्रश घेऊन वरून खाली जाळी झाडा, मग खाली कॉम्प्रेसरभोवतालचा कचरा काढा. पाणी मारू नका, नळ्या वाकवू नका. कापूस भरलेला असेल त्या दिवसांत महिन्यातून एकदा, एरवी वर्षातून तीनदा पुरे. त्याच वेळी वायरींवर उंदरानं दात मारलेत का ते बघा. घरात सोयाबीन, तूर असली की उंदीर कॉम्प्रेसरच्या उबेला येऊन घर करतात आणि वायर कुरतडतात. कुरतडलेली वायर दिसली तर टेप गुंडाळून चालू करू नका, बदलून घ्या.

जमीन सारवलेली असेल तर फ्रीज स्टँडवर किंवा विटांवर ठेवलेल्या फरशीवर घ्या. सारवणाच्या ओलीनं खालचा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो. पुढचे पाय किंचित उंच ठेवा, म्हणजे दार आपोआप लागतं.

बर्फ

फ्रीजरमध्ये बर्फाचा थर करंगळीच्या निम्म्या जाडीचा झाला की वितळवायचा, त्याहून जास्त वाट बघायची नाही. बर्फ थंड असतो म्हणून जास्त बर्फ म्हणजे जास्त थंडावा, अशी समजूत आहे. खरं तर तो थर फ्रीजरची थंडी आतल्या हवेपर्यंत पोचू देत नाही. वर बर्फाचा डोंगर आणि खाली दूध नासलेलं, हे त्याचंच लक्षण.

रात्री जेवणं झाल्यावर थर्मोस्टॅटच्या (थंडी कमी-जास्त करायच्या गोल खटक्याच्या) मधलं डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं बटण दाबा. कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळला की आपला आपण चालू होतो. खालचा ट्रे जागेवर आहे का ते बघून घ्या. घाई असेल तर पिन काढून, दार उघडं ठेवून, फ्रीजरमध्ये कोमट पाण्याचं भांडं ठेवा. सुरी, पेचकस, उलथनं यातलं काहीही बर्फाला लावू नका. फ्रीजरची भिंत म्हणजे अॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्या मधूनच गॅसचा रस्ता. एक टोचा लागला की ‘फुस्स’ होतं आणि तेव्हा मात्र गॅस खरोखर गेलेला असतो. चिकटलेला बर्फाचा साचा काढताना एका काकूंनी सुरीचं टोक असंच घातलं होतं. भोक टाचणीच्या डोक्याएवढं, खर्च निम्म्या फ्रीजचा.

उन्हाळ्यात बर्फ लवकर साठतो याचं एक कारण आपला कूलर. वाळ्याची किंवा गवताची ओली हवा खोलीभर असते, दार उघडलं की ती आत शिरते आणि फ्रीजरवर गोठते. कूलरनं खोली गार राहते हे फ्रीजच्या फायद्याचंच आहे, फक्त त्याचा झोत थेट फ्रीजच्या दारावर येऊ देऊ नका. आणि कूलर, फ्रीज दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका.

टाकीतलं दुपारचं पाणी जवळपास कढत असतं. ते बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये लावलं की फ्रीजची दुपार त्यातच जाते. आधी माठात गार होऊ द्या, मग ते बाटल्यांत भरा. दूध तापवल्यावरही तसंच.

थर्मोस्टॅटचा आकडा ऋतूप्रमाणे बदला: उन्हाळ्यात वर, पावसाळ्यात मध्ये, थंडीत खाली. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा उलटीच तक्रार येते, ‘बर्फच जमून नाई राह्यला.’ खोलीच इतकी थंड असते की थर्मोस्टॅटला कॉम्प्रेसर चालू करायची गरजच वाटत नाही. हा बिघाड नाही.

इन्सुलिन ठेवता का?

हे अनेक घरांत आहे आणि यात चूक परवडत नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. फ्रीजरमध्ये, त्याच्या खालच्या चिलर ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. एकदा गोठलं की वितळल्यावरही ते वापरायचं नसतं. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवा. आत नेमकं किती तापमान आहे हे बघायला साधा फ्रीजचा थर्मामीटर मिळतो. तो पाण्याच्या पेल्यात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. लाईन गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रीज बंद दारानं सुमारे चार तास थंडी धरून ठेवतो, आपल्या मे महिन्यात त्याहून कमीच धरा. फ्रीजरमध्ये दोन बाटल्या पाणी गोठवून ठेवलेलं असलं तर थोडा आणखी वेळ मिळतो, पण गोठलेली बाटली इन्सुलिनला टेकवू नका.

दार, पाणी, शॉक

दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सरकली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी असं बघा. बऱ्याचदा रबर खराब नसतं, घड्यांमध्ये दुधाचा चिकटा आणि मुंग्या असतात. कोमट पाण्यात थोडा साबण घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं पुसा. वाकडं झालेलं रबर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं शेकलं की पुष्कळदा सरळ होतं. दार लावल्यावर दिवा विझतो का तेही बघा. दाराजवळचं बटण बोटानं दाबलं की दिवा विझला पाहिजे. जुना पिवळा बल्ब आत पेटता राहिला तर तोच फ्रीज तापवतो.

भाजीच्या डब्याखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं छोटं भोक सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) पानानं बुजलेलं असतं. कोमट पाणी हळूहळू सोडा, प्लास्टिकच्या नळीनं मोकळं करा.

ते पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. हा ट्रे आठवड्याला रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात आशाताई रांजण, टाक्या बघायला येतात तेव्हा फ्रीज पुढे ओढून त्यांना हा ट्रेही दाखवा.

फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात, चटका बसतो, ही तक्रार कधीच हसण्यावारी नेऊ नका. तीन पिनांतली मोठी पिन अर्थिंगची. बोर्डात बसत नाही म्हणून ती कापलेली मी पाहतो तेव्हा जीव धसकतो. आधी बोर्ड बदला. घराचं अर्थिंग उन्हाळ्यात माती वाळली की काम करेनासं होतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता, आणि मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. शॉक देणारा फ्रीज चप्पल घालून वापरणं हा उपाय नाही. पिन काढा आणि तपासून घेईपर्यंत लावू नका.

आता गॅस

वरचं सगळं बघून झालं आणि तरी थंडी नाही, तर गॅसकडे या. फ्रीज तासभर चालू ठेवा. कॉम्प्रेसर गरम आहे, चालू आहे, थांबतच नाही, पण मागची जाळी किंवा बाजू कोमटसुद्धा नाहीत, आणि फ्रीजरमध्ये एकाच कोपऱ्यात पांढरी पट्टी जमते, बाकी भाग कोरडा. ही गळतीची लक्षणं आहेत. बारीक नळी तुंबली तरी जवळपास असंच दिसतं, ते मेकॅनिकला ओळखावं लागतं. त्याला फोनवर मॉडेलचा नंबर, दिवा लागतो का, कॉम्प्रेसरचा आवाज कसा, जाळी गरम का गार आणि बर्फ कुठे, एवढं सांगा. म्हणजे तो बरोबर सामान घेऊनच येईल.

तो आल्यावर समोर बसा. गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. सांध्याजवळ तेलाचा डाग ही तिची खूण असते. गळती बंद केल्यावर फिल्टर नवा बसवायचा, मशीन लावून नळ्यांमधली सगळी हवा ओढायची, आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरायचा. नव्या लहान फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, बहुतेक वेळा ६० ग्रॅमच्या आत, नेमका आकडा पट्टीवर छापलेला असतो. एवढ्याशा गॅसमध्ये दहा ग्रॅमचा फरकसुद्धा फ्रीज बिघडवतो, त्यामुळे अंदाजानं भरणाऱ्याच्या हाती तो देऊ नका.

हा गॅस पेट घेणारा आहे. काम चालू असताना दारं-खिडक्या उघड्या, शेगडी आणि देवाजवळचा दिवा विझवलेला. नळीत गॅस शिल्लक असताना त्याला ज्योत लावायची नाही. कुणी स्वयंपाकाच्या सिलेंडरमधला गॅस भरून देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. पैसे वाचत नाहीत, घर धोक्यात येतं.

आणताना, बंद ठेवताना

फ्रीज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी उभा करून जितका वेळ आडवा होता तितका वेळ, निदान चार तास, तसाच राहू द्या, म्हणजे तेल कॉम्प्रेसरमध्ये उतरतं. मग लावा.

पाहुणपणाला किंवा वारीला जाताना फ्रीज रिकामा करा, बर्फ वितळवा, पुसून कोरडा करा आणि दारात फडक्याची घडी अडकवून ते किंचित उघडं ठेवा. बंद ठेवलात तर बुरशी धरते आणि तो वास खाण्याच्या सोड्यानं पुसूनही लवकर जात नाही. मोडीत काढलेला फ्रीज कपडे किंवा बियाणं ठेवायला सपरीत (पडवीत) ठेवणार असाल तर आधी त्याचं दार बिजागरीपासून काढून टाका. लपाछपी खेळताना लहान मूल आत शिरतं, दार लागलं की आतला आवाज बाहेर येत नाही, आणि जुन्या खटक्याच्या फ्रीजचं दार आतून उघडतच नाही.